तुकड्याला तुकडा



जिगसॉ पझलला मराठीत अजून एक पक्कं नाव मिळालेलं नाही. कुणी चित्रकोडं म्हणतं, कुणी तुकडेजोड म्हणतं, बालवाडीतल्या बाई 'चित्र जुळवा' म्हणतात. आमच्या प्रभादेवीत मात्र घरोघरी सरळ 'पझल' हाच शब्द आहे आणि त्याचं क्रियापदही ठरून गेलेलं आहे. शब्दकोडं सोडवतात, गणित सोडवतात, पझल 'लावतात'. कपाट लावावं, घर लावावं, तसं पझल लावायचं. मला हे क्रियापद फार नेमकं वाटतं. कारण या खेळात सोडवण्यासारखं रहस्य काही नसतंच. उत्तर खोक्याच्या झाकणावर रंगीत छापलेलं असतं. बक्षीस नाही, गुण नाहीत, समोर प्रतिस्पर्धी नाही. आणि एवढं करून चित्र पुरं झालं, की दोन दिवसांनी आपणच ते मोडून पुन्हा खोक्यात भरतो.

व्यवहाराच्या हिशेबात न बसणारा हा उद्योग माणसं अडीचशे वर्षं करत आली आहेत. यात त्यांना काय मिळतं, याविषयी आज थोडं बोलू या.

या खेळाची सुरुवात खेळ म्हणून झालीच नाही. ती झाली भूगोलाच्या तासासाठी. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा एक कारागीर होता. १७६०च्या दशकात त्याने नकाशे पातळ लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमारेषांवरून बारीक करवतीने कापले. मुलांनी ते तुकडे जागच्या जागी बसवायचे आणि त्या निमित्ताने फ्रान्सच्या शेजारी कोण, स्पेनच्या शेजारी कोण, हे हाताने शिकायचं. अर्थात ही चैन श्रीमंतांच्याच मुलांना परवडणारी होती. 'जिगसॉ' हे नाव तर शंभराहून अधिक वर्षांनी आलं. वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीला इंग्रजीत जिगसॉ म्हणतात. हत्याराचं नाव खेळाला चिकटलं.

नकाशाचं हे पझल आपल्याकडेही आहे आणि माझ्या मते मराठी घरात सगळ्यांत आधी यावं, ते हेच. महाराष्ट्राचे जिल्हे सुटे करून मुलांसमोर ठेवा आणि गंमत बघा. मुंबईतलं मूल रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पटकन उचलतं, कारण गणपतीला गावी जाताना ती नावं कानावरून गेलेली असतात. कडेचे तुकडे त्या मानाने सोपे. नंदुरबार वायव्येच्या कोपऱ्यात, गडचिरोली पूर्वेच्या टोकाला उभा, सिंधुदुर्ग गोव्याला टेकलेला. खरी परीक्षा आत असते. हिंगोली, वाशीम, परभणी, जालना, बीड! या जिल्ह्यांना ना समुद्र, ना परराज्याची सीमा. चारी बाजूंनी आपलेच जिल्हे. तिथे मूल अडतं आणि खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी बसलेले आईबाबाही अडतात. हिंगोलीचे शेजारी कोण, हा प्रश्न पुस्तकात वाचून विसरता येतो. हातात तुकडा धरून चार वेळा फिरवला, की तो विसरत नाही.

या नकाशाची आणखी एक मौज आहे. त्याच्या तुकड्यांची संख्या वाढत गेली. १ मे १९६० रोजी राज्य झालं, तेव्हा जिल्हे होते २६. १९८१मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना वेगळे झाले, १९८२मध्ये लातूर आणि गडचिरोली. १९९०मध्ये मुंबई उपनगर आलं, १९९८मध्ये नंदुरबार आणि वाशीम, १९९९मध्ये हिंगोली आणि गोंदिया. २०१४च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर निघालं आणि आकडा ३६वर गेला. त्यामुळे माळ्यावरून जुनं पझल खाली काढलं, की ते किती सालचं आहे, हे तुकडे मोजून सांगता येतं. तीस तुकडे असतील, तर ऐंशीच्या दशकातलं. पालघर नसेल, तर २०१४च्या आधीचं. आता तर नावंही बदलली आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. आजोबांचं पझल आणि नातवाचं पझल शेजारी-शेजारी ठेवली, तर राज्याचा साठ वर्षांचा कारभार जमिनीवर मांडलेला दिसेल.

यातला सगळ्यांत लहान तुकडा मुंबई शहराचा. राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत छोटा जिल्हा तो. इतका छोटा, की तो सुटा कापणं कापणाऱ्यालाही कठीण, आणि कापला तर दोन दिवसांत केरात जायचा. पण याच एवढ्याशा तुकड्यासाठी संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन किती पेटलं होतं, ते आपण जाणतोच. हुतात्मा चौक त्याची साक्ष देत उभा आहे. मुलाच्या तळहातावर तो तुकडा ठेवून ही गोष्ट सांगण्याची संधी पझल आयती देतं.

आणि मुंबई तरी मुळात काय आहे? कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं. भरतीच्या वेळी मधून समुद्राचं पाणी आत शिरायचं. १७८०च्या दशकात वरळीकडची मोठी खिंड बांध घालून बंद केली, तोच हॉर्नबी वेलार्ड. मग हळूहळू बाकीच्या खाचा भरत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सात तुकड्यांचं एक चित्र झालं. माहीम आणि वरळी यांच्या दरम्यान राहणाऱ्या आम्हा प्रभादेवीकरांना हे विशेष जवळचं. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार एकत्र आली, की जुने सांधे कुठे होते, ते सखल भागातलं पाणी अजूनही दाखवून देतं. नावाचंच म्हणाल, तर आमच्या स्टेशनावरची पाटी कित्येक वर्षं एल्फिन्स्टन रोड अशी होती. जुलै २०१८मध्ये ती प्रभादेवी झाली. म्हणजे आमचाही तुकडा उशिरानेच नावासकट जागेवर बसला!

बरं, पुन्हा खेळाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठ्या माणसांना पझलचं वेड लागलं. खेळ बनवणाऱ्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने तर १९०९मध्ये बाकीचे खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना पझल कापायला लावला. ती पझल लाकडी आणि महाग असत. बऱ्याच पझलचे तुकडे एकमेकांत अडकत नसत, त्यामुळे कुणाचं कोपर लागलं किंवा जोराची शिंक आली, तरी सगळा संसार विस्कटायचा. झाकणावर चित्रही नसे. काय तयार होणार आहे, ते शेवटीच कळायचं.

मग १९२९नंतर महामंदी आली. कारखाने बंद पडले, लाखो लोक घरी बसले. नेमक्या त्याच काळात पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून पोलादी पात्यांच्या साच्याने एका दाबात शेकडो तुकडे कापण्याची पद्धत रुळली आणि पझल स्वस्त झालं. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर दर आठवड्याला नवं पझल पंचवीस सेंटला मिळू लागलं. वाचनालयांतून पुस्तकांसारखी पझल भाड्याने जाऊ लागली. १९३३च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला एक कोटी पझल खपत होती, असा हिशेब या विषयाच्या अभ्यासकांनी दिला आहे. काम नसलेल्या माणसाला दिवसाच्या शेवटी 'आज एवढं पुरं केलं' असं म्हणता येईल, असं काहीतरी हातात हवं होतं. सिनेमाच्या तिकिटाएवढ्या पैशांत ते आठवडाभर पुरत होतं.

हे वाचताना गिरणगावातल्या माणसाला १९८२ आठवल्याशिवाय राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. भोंगे बंद झाले. प्रभादेवी, लोअर परळ, लालबागच्या चाळींत भर दिवसा कर्ते पुरुष घरी दिसू लागले, हेच त्या वेळी मुलांना नवल होतं. आमच्याकडे तेव्हा पझल नव्हतं. होतं ते सायबाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं खेळणं. आमच्याकडे होता कॅरम. गॅलरीत, वाडीच्या तोंडाशी, मंडळाच्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली रात्र-रात्र कॅरम चाले. त्यात मजा किती होती आणि रिकामपण किती, ते खेळणाऱ्यांनाच ठाऊक.

कॅरमचं नाव निघालंच आहे, तर पझलवाल्यांसाठी एक घरगुती शोध सांगते. मुंबईत पझल लावताना पहिली अडचण बुद्धीची नसते, जागेची असते. हजार तुकड्यांचं पझल पुरं झालं, की साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं होतं. शिवाय सुटे तुकडे पसरायला तेवढीच जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर मांडलं, की तासाभरात जेवणाची ताटं येणार आणि रात्री अंथरुणं पडणार. परदेशातल्या लोकांकडे त्यासाठी वेगळं टेबल असतं. आपल्याकडे कॅरम बोर्ड असतो! त्याची आतली बाजू ७४ सेंटिमीटरची. हजार तुकड्यांचं चित्र त्यात मापात बसतं आणि वर-खाली बारा-बारा सेंटिमीटरच्या पट्ट्या सुट्या तुकड्यांना उरतात. चारी बाजूंना लाकडी चौकट असल्यामुळे बोर्ड उचलून पलंगाखाली सरकवला, तरी एक तुकडा सांडत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. आधी बोरिक पावडर ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यायची, आणि चित्र मधोमध मांडायचं, कोपऱ्यातल्या भोकांपासून लांब. एखादा तुकडा भोकात गेलाच, तर खाली जाळी असते.

तुकडे निवडून ठेवायला आमच्याकडे पेढ्यांचे रिकामे खोके असतात. सिद्धिविनायकाच्या शेजारी राहिल्यावर त्यांना काय तोटा! एका खोक्यात आकाश, एकात पाणी, एकात झाडी, एकात भिंती. गहू निवडावेत, तसं हे निवडायचं काम. घरातल्या ज्या बायका सुरुवातीला 'मला ते जमायचं नाही गं' म्हणतात, त्या या कामाला बसल्या, की तासाभरात सगळ्यांच्या पुढे जातात. डाळ-तांदूळ निवडण्यात आयुष्य गेलेलं असतं. रंगातला बारीक फरक त्यांच्या डोळ्यांना आपोआप दिसतो.

लावण्याची रीत बहुतेक जण आपली आपण शोधतात, तरी सांगते. सगळे तुकडे आधी सुलटे करायचे. मग सरळ कडेचे वेगळे काढायचे. चाळीस बाय पंचवीस अशी हजार तुकड्यांची मांडणी असेल, तर कडेचे तुकडे बरोबर १२६ भरतात. त्यांतले चार कोपऱ्याचे. म्हणजे सुरुवातीला हजारांतल्या सव्वाशेच तुकड्यांशी आपला संबंध. ती चौकट झाली, की निम्मी भीती जाते. मग चेहरा, पाटी, खिडकी, लाल छत्री असं डोळ्यांत भरणारं काहीतरी घ्यायचं. आकाश नेहमी शेवटी.

आकाशाला रंग मदत करत नाही, तिथे आकार कामाला येतो. नेहमीच्या पझलमधल्या आतल्या तुकड्याला चार बाजू असतात. प्रत्येक बाजूला एक तर बाहेर आलेलं बोंड असतं, नाहीतर आत गेलेली खाच. तुकडा कसाही फिरवला, तरी असे प्रकार सहाच होतात. चारी बोंडं, तीन बोंडं, शेजारशेजारची दोन, समोरासमोरची दोन, एक, आणि एकही नाही. निळे तुकडे या सहा गटांत मांडले, की समोरच्या रिकाम्या जागेत कुठला गट बसेल, हे आधीच कळतं. दीडशे तुकड्यांत शोधण्याऐवजी पंचवीस-तीसच हाताळावे लागतात. शाळेत गणिताशी ज्यांचं जमलं नाही, अशी माणसंही हे गणित स्वतःहून मांडताना मी पाहिली आहेत.

पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. आपल्या हवेत पुठ्ठा ओल धरतो, तुकडे फुगतात, वरचा कागद सुटतो, आणि कसर लागली तर चित्राची चाळण होते. खोका प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्यांतली एखादी आत टाकावी. रात्री ट्यूबलाइटखाली चकचकीत तुकडे डोळ्यांवर येतात. सकाळी गॅलरीतल्या उजेडात तोच तुकडा पटकन सापडतो. रात्री न लागलेलं सकाळी चहाच्या आधी लागतं, हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे.

पूर्वी आपल्याकडे विकतचं पझल फार कमी येई. घरातच करत. जुन्या दिनदर्शिकेचं चित्र किंवा दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर पाटा ठेवून रात्रभर दाबायचं आणि सकाळी कात्रीने कापायचं. त्यात एक पेच असे. दिनदर्शिकांवर बहुधा देव असत आणि देवाच्या चित्राला कात्री लावू द्यायला घरातल्या आजीची तयारी नसे. मग निसर्गदृश्य, नट-नट्या, ताजमहाल यांच्यावर भागवावं लागे. आता बाजारात गणपतीचीच पझल सर्रास मिळतात. एका आजींना मी विचारलं, हे तुम्हाला कसं चालतं? त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही कापत होतो, म्हणून नको वाटायचं. इथे तर आपण जोडतोय."

आता या खेळाने काय होतं, याविषयी जे दावे केले जातात, त्यांच्याकडे वळू. मुलांची बुद्धी वाढते, म्हाताऱ्यांची स्मृती टिकते, असं खोक्यांवर लिहिलेलं असतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये ५३ मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते चार या वयात घरी पझल खेळणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्याच्या चाचणीत पुढे होती. ते पझलमुळेच, असं मात्र या एका अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. जर्मनीत उल्म इथल्या संशोधकांनी २०१८मध्ये पन्नाशीपुढच्या शंभर जणांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या निम्म्यांनी महिनाभर रोज निदान तासभर पझल लावलं. महिन्याअखेर त्यांच्या बुद्धीत सांगण्याजोगी वाढ दिसली नाही. मात्र आयुष्यभर पझल लावत आलेल्या माणसांची आकलनशक्ती तुलनेने चांगली आढळली. तेव्हा औषधाची गोळी समजून कुणी पझल घेऊ नये. आवडलं तर लावावं, वर्षानुवर्षं लावावं.

या छंदातही शर्यती लागतातच. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात २०१९पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली. तिथले विजेते पाचशे तुकड्यांचं पझल अर्ध्या-पाऊण तासात उडवतात. व्हिएतनाममधल्या विद्यार्थ्यांनी २०११मध्ये ५,५१,२३२ तुकड्यांचं पझल जोडून विक्रम केला. त्यांचं कौतुक आहेच. पण आपल्यासारख्यांना पझलमधून जे मिळतं, ते घड्याळ लावून मिळत नाही. ते काय असतं, हे मला आमच्याच इमारतीत २०२०मध्ये कळलं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. वरळी-प्रभादेवीचा आमचा जी-दक्षिण विभाग सुरुवातीला मुंबईत सर्वाधिक रुग्ण असलेल्या विभागांपैकी होता. इमारती बंद झाल्या, जिन्यात बांबू आडवे बांधले गेले. जगभर त्या दिवसांत पझलची मागणी इतकी वाढली, की दुकानांतला माल संपला. आमच्याकडे मागवायची सोयही नव्हती, कारण जीवनावश्यक सोडून इतर वस्तू घरपोच येणं बंद होतं. संपूर्ण इमारतीत मोठ्यांचं म्हणावं असं एकच पझल निघालं. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीचं, पाचशे तुकड्यांचं. बव्हेरियातल्या डोंगरावरचा पांढरा किल्ला, मागे जंगल, वर निळं आकाश.

तिने ते लावून झाल्यावर खोका शेजारच्या दारात ठेवला. तिथून तो पुढे निघाला. नियम कुणी लिहिले नाहीत, पण ठरून गेले. खोका एक दिवस गच्चीवर उन्हात ठेवायचा, मग पुढच्या घराने उचलायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला खोली नंबर, सुरू केल्याची तारीख आणि पुरं केल्याची तारीख लिहायची. माणसं एकमेकांना भेटत नव्हती, पण फोनवर विचारत होती, "तुमचा किल्ला झाला का? आमचं आकाश अडलंय."

तिसऱ्या मजल्यावर नाना एकटे राहत. गिरणीत साचेखात्यात उभं आयुष्य काढलेलं. पझल हा प्रकार त्यांनी तोवर हातात धरलेला नव्हता. त्यांना अकरा दिवस लागले. त्यांनी रंग पाहिलाच नाही. छपाईच्या बारीक ठिपक्यांची आणि कागदाच्या पोताची दिशा बघून ते तुकडे लावत. चालू साच्यावर तुटलेला एक धागा हेरणारे डोळे होते ते. पुरं करून त्यांनी झाकणाच्या आत लिहिलं, 'एक तुकडा कमी आहे. डाव्या बुरुजाच्या वर, आकाश. घरभर शोधू नये. वेळ जाईल.' एवढ्यावर ते थांबले नाहीत. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी तेवढा तुकडा तयार केला, बॉलपेनने निळा केला आणि जागेवर बसवून दिला.

त्याच्या आधी दोन घरांनी तो तुकडा खरोखरच घरभर शोधला होता. पलंग हलवले होते, एकमेकांवर रागावले होते. नानांच्या पुढच्या घरांपैकी कुणीही शोधला नाही. बॉलपेनचा निळा तुकडा हातात आला, की तो कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक झालं. मुलं तर तोच आधी लावायला मागत.

जूनमध्ये नानांना ताप आला. रुग्णालयात नेलं. ते परत आले नाहीत. त्या दिवसांत शेवटचं दर्शनही कुणाला घेता येत नव्हतं. इमारतीतली माणसं आपापल्या दारात उभी राहिली, एवढंच. पझल तेव्हा चौथ्या मजल्यावर होतं. ते पुढेही फिरत राहिलं. नंतर बाजार उघडला, तेव्हा मुलीच्या आईने सुचवलं, की तुकडा हरवलेला आहे, तर नवं घेऊ. मुलगी नको म्हणाली. ते झाकण आजही आमच्या इमारतीत आहे. चौदा घरांची नावं आहेत आणि मध्ये एका शांत, गोल अक्षरात ती सूचना.

पझलचा आनंद म्हणजे काय, हे मला तेव्हापासून दुसऱ्यांना सांगणं सोपं झालं आहे. या खेळात शेजारी बसलेल्याशी बोलायची सक्ती नसते. चार माणसं एका बोर्डाभोवती अर्धा तास गप्प बसू शकतात आणि तरी ती एकत्र असतात. बापलेकांत अबोला असला, तरी 'तो निळा दे' एवढं बोलावंच लागतं. दहा वर्षांची नात आजोबांना चूक दाखवू शकते आणि आजोबांना त्यात कमीपणा वाटत नाही. गर्दीच्या घरात स्वतःपुरता कोपरा हवा असतो, त्याला तो मिळतो. एकट्या घरात काहीतरी वाट पाहणारं हवं असतं, त्याला अर्धवट चित्र मिळतं. सकाळी उठल्यावर, काल कुठपर्यंत आलो होतो, हे बघावंसं वाटणं ही काही लहान गोष्ट नाही, विशेषतः उतारवयात.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी थेट हजाराला हात घालू नये. तीनशे किंवा पाचशे तुकड्यांचं घ्यावं. चित्र निवडताना आकाश आणि पाणी कमी, घरं आणि माणसं जास्त असं बघावं. लहान मुलांसाठी महाराष्ट्राचा नकाशा घ्यावा, ३६ जिल्ह्यांचा आहे ना, ते मोजून. पुरं झालेलं पझल चौकटीत घालून भिंतीवर अडकवण्यापेक्षा मोडून दुसऱ्याला द्यावं. सोसायटीच्या कार्यालयात पुस्तकांच्या कपाटात एक खण पझलसाठी ठेवता येईल. वाचनालयांनीही विचार करायला हरकत नाही. झाकणाच्या आत आपलं नाव आणि तारीख जरूर लिहावी. आणि एखादा तुकडा कमी असेल, तर तो कुठला, तेही लिहावं.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)